वायुगळतीचे लेसर अभिज्ञान

औद्योगिक संयंत्रे, साठवण टाक्या व नळमार्ग यांतून निसटणाऱ्या विषारी वा ज्वालाग्राही वायूचे अस्तित्व, त्या वायूकडून होणाऱ्या लेसर प्रकाशाच्या शोषणावरून ओळखण्याची पद्धती.

आवश्यकता : मानवी ज्ञानेंद्रिये या कामी भरवशाची नाहीत. मिथेन वायूला वास नसतो. हवेतील त्याचे प्रमाण ५ ते १५ टक्के असताना ठिणगी पडल्यास स्फोट होतो. हायड्रोजन सल्फाइडाचा कुजक्या अंड्यांसारखा वास अत्यल्प प्रमाणातही जाणवतो. परंतु हवेच्या दशलक्ष भागांत त्याचे सु. १०० भाग झाले की, घ्राणशक्तीच बधिर होते व धोका वाढत असता वास मात्र नाहीसा होतो. भोपाळ येथील कीटकनाशकांच्या कारखान्यात मिथिल आयसोसायनेटाची गळती कामगारांच्या डोळ्यांना होणाऱ्या जळजळीवरून ओळखली जाई. २-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री तेथे झालेल्या गळतीत हजारो माणसे मृत्युमुखी पडली.

तत्त्व : अनेक वायूंचे रेणू अवरक्त प्रारणातील ठराविक तरंगलांब्याच शोषून घेतात. या कामी मिथेनासाठी सु. १.६५, हायड्रोजन सल्फाइडासाठी सु. १.५८ व अमोनियासाठी सु. १.५१ मायक्रोमीटर या तरंगलांब्या वापरल्या जातात. अर्धसंवाहक लेसराचा प्रकाश वायूच्या एकेका शोषणरेषेहूनही अरुंद असतो [→ लेसर]. लेसराला पुरविलेला विद्युत् प्रवाह बदलून त्याची तरंगलांबी शोषणरेषेवरून पुनःपुन्हा सरकवितात. धूळ वा धुके यांमुळे प्रकाश सर्व तरंगलांब्यांना जवळजवळ सारखाच मंदावतो. वायूमुळे तो केवळ त्या रेषेवर मंदावतो. या फरकामुळे खोट्या इशाऱ्यांचे प्रमाण पुष्कळ कमी होते.

मांडणी : मोकळ्या जागेत एका टोकाला प्रेषक व दुसऱ्या टोकाला ग्राही किंवा परावर्तक बसवितात. मापन शलाकेच्या संपूर्ण मार्गावरील एकूण वायूचे होते. १० मी. लांबीच्या मेघात दशलक्ष भागांत १०० भाग वायू असो किंवा १ मी. लांबीच्या मेघात १,००० भाग असो, उपकरण दोन्ही वेळा सारखाच आकडा दाखविते. शलाकेचा काही अंश उपकरणातच बंदिस्त केलेल्या त्याच वायूच्या नमुन्यातून नेल्यास तरंगलांबी अचूक राहते व उपकरण कार्यक्षम असल्याची खातरजमाही होते. हातात धरावयाच्या उपकरणात जमिनीवरून वा भिंतीवरून विखुरलेला प्रकाश वापरतात. त्यामुळे नळमार्गाची तपासणी दुरून करता येते.

विकास : अर्धसंवाहक लेसर १९६२ मध्ये तयार झाले. १९७० च्या दशकात वायुमापनासाठी वापरलेले शिसे-लवणांचे लेसर अतिशीत ठेवावे लागत. प्रकाशीय संदेशवहनासाठी विकसित झालेले, सामान्य तापमानाला चालणारे लेसर उपलब्ध झाल्यावर ही पद्धती कारखान्यांत व्यवहार्य ठरली. १९९४ मध्ये बेल प्रयोगशाळेत तयार झालेल्या पुंज सोपान लेसरामुळे अधिक तीव्र शोषणाचा मध्य-अवरक्त पट्टाही वापरात आला.

मर्यादा : हायड्रोजन व क्लोरीन यांच्या रेणूंत दोन्ही अणू एकाच मूलद्रव्याचे असल्याने ते अवरक्त प्रारण जवळजवळ शोषत नाहीत, त्यांच्यासाठी अन्य अभिज्ञातक लागतात. दाट धुक्यात शलाका खंडित होते, तसेच आधार हलल्यास तिची दिशा चुकते. वायुमेघ शलाकेला स्पर्श न करता वाऱ्याबरोबर निघून गेल्यास गळती समजतच नाही. म्हणून वाऱ्याच्या दिशा व गळतीच्या संभाव्य जागा अभ्यासून शलाकांची आखणी करावी लागते आणि बिंदु-अभिज्ञातकांची जोड द्यावी लागते. इशारा मिळताच झडपा बंद करणे व माणसे हलविणे यांची पूर्वयोजना नसेल, तर अचूक अभिज्ञानही निरुपयोगी ठरते.