फौंटन पेनावरील नांव आणि त्यांतील रंग

त्र्यंबकेश्वरीं उगम पावलेली गोदावरी समुद्राला मिळण्यापूर्वीं राजमहेंद्रीवरून जाते. त्या गांवीं रत्नम यांनीं लेथवर घडविलेलें एबोनाइटचें फौंटन पेन वर्ध्याच्या ग्रामोद्योग संघाचे कुमारप्पा यांच्या हातून गांधीजींकडे पोंचलें, व १९३५ च्या जुलैंत गांधीजींनीं त्याबद्दल आभाराचें पत्र धाडलें. तेथील पेनांवर गिऱ्हाइकाचें नांव हातानें कोरून देण्याची चाल आहे.

रबरांत भरपूर गंधक मिसळून तें तापविलें म्हणजे कठीण एबोनाइट होतें. तें बहुधा काळें, आणि काळ्यावर कोरलेली रेघहि काळीच राहते. पेन उजेडाकडे तिरपें धरलें तरच नांव वाचतां येतें. हरवलेलें पेन ज्याला सांपडलें त्याला मालकाचें नांव दिसलेंच नाहीं, तर तें कोरण्याचा उपयोग काय? म्हणून रेघेंत पांढरा, पिवळा किंवा सोनेरी रंग भरतात.

रंग भारी असला कीं टिकतो, अशी समजूत आहे. खरें पाहतां सारी भिस्त कोरणीवर असते. रेघ उथळ व उतरत्या कांठांची असेल तर फडकें तळाशीं पोंचतें आणि रंग निघून येतो. कांठ उभे आणि तळ किंचित् खरबरीत असला म्हणजे रंग धरून राहतो. जिल्हई कोरण्यापूर्वींच द्यावी. मागाहून दिल्यास अक्षरांचे कांठ झिजतात, आणि जिल्हईचा काळपट मसाला पांढऱ्या रंगांत शिरला कीं अक्षर कायमचें मळकट होतें.

भरण्याची रीत सोपी आहे. भुगा कुंचल्यानें झाडावा आणि बोटांचा तेलकटपणा पुसून घ्यावा. मेणाचा खडू घासून काम तेव्हांच होतें, पण तें फार दिवसांचें नव्हे. तैलरंग टिकतो, मात्र वाळतांना तो आटतो, म्हणून एक दिवस थांबून दुसरा हात द्यावा लागतो. वरचा रंग काढतांना फडकें बोटावर घट्ट ताणावें व रेघेला आडवें ओढावें. कापूस घेणारा फसलाच. तो रेघेंत शिरतो आणि भरलेला रंग उचलून आणतो. पेन सावलींतच वाळवावें, कारण उन्हानें एबोनाइट तपकिरी पडतें.

श्रोत्यांपैकीं ज्यांचें पेन सेल्युलॉइडचें असेल त्यांनीं अधिक जपावें. रंगाचा डाग काढण्यासाठीं ॲसिटोन लावलें तर डागाबरोबर पेनहि विरघळतें. नांवांतील ऱ्हस्वदीर्घाची चूक तर कोणत्याच उपायानें निघत नाहीं. यासाठीं कोरणारानें गिऱ्हाइकाकडून नांव आधीं कागदावर लिहवून घ्यावें.