साकवाच्या फळ्या का उसळल्या?

कोकणातील एका शाळेच्या पटांगणाला लागून एक ओढा वाहतो. तो ओलांडण्यासाठी 2019 च्या एप्रिलमध्ये शाळेने नवा लाकडी साकव बांधून घेतला. दोन भक्कम तुळया, त्यांवर सागवानाच्या वीस आडव्या फळ्या. प्रत्येक फळी 15 सेंटिमीटर रुंद, एकीला एक अगदी घट्ट भिडवलेली. जुलैत मात्र मधल्या फळ्या कमानीसारख्या वर उचलल्या गेल्या, खिळे बोटभर बाहेर आले आणि पाचवीतल्या एका मुलीचा पाय एका खिळ्यावर पडला. लाकूड कच्चे वापरले असे ठरवून सुताराची उरलेली मजुरी अडवण्यात आली. त्या शाळेतील विज्ञानशिक्षक माझे मित्र. त्यांनी मला विचारले, ‘‘चूक नेमकी कोणाची?’’

उत्तर शोधण्यासाठी लाकडाच्या आत डोकवावे लागेल. लाकडातील पेशींच्या भित्तिका सेल्युलोजच्या तंतूंनी बनलेल्या असतात. हवेतील बाष्पाचे किंवा पावसाच्या पाण्याचे रेणू या तंतूंमध्ये शिरतात आणि त्यांना एकमेकांपासून दूर ढकलतात. लाकूड फुगते ते यामुळे. कोरड्या लाकडाच्या वजनाच्या साधारण 28 ते 30 टक्के पाणी शोषले गेले की भित्तिका तृप्त होतात. त्यापुढचे पाणी पेशींच्या पोकळीत साठते. त्याने वजन वाढते, आकार नाही.

हे फुगणे सर्व दिशांना सारखे नसते. तंतू बहुतांशी खोडाच्या लांबीच्या दिशेने असल्यामुळे फळीची लांबी जवळजवळ बदलत नाही. रुंदी मात्र बदलते. हिरवे सागवान पूर्ण वाळले, तर वार्षिक वलयांच्या कडेकडेने ते सुमारे 5.8 टक्के आणि गाभ्याकडून सालीकडे सुमारे 2.5 टक्के आटते. म्हणजे फळी कशी चिरली आहे यावरही तिचे वागणे अवलंबून असते. आणि सागवान तर कमी फुगणारे लाकूड म्हणून नावाजलेले!

आता फळ्यावर एक गणित मांडू. वलयांच्या दिशेने एक टक्का पाणी वाढले की रुंदी सुमारे 0.2 टक्का वाढते. एप्रिलमध्ये फळीत 12 टक्के पाणी होते असे धरू. पावसात भिजून ते 28 टक्क्यांवर गेले, तर वाढ 16 टक्क्यांची. रुंदी 3.2 टक्क्यांनी, म्हणजे प्रत्येक फळीमागे जवळजवळ 5 मिलिमीटरने वाढणार. वीस फळ्यांची मिळून साडेनऊ सेंटिमीटर! ही कमाल मर्यादा झाली. पण निम्मी वाढ झाली तरी ती जाणार कोठे? बाजूला जागा नाही, म्हणून फळ्या वर उसळल्या. खाणीत कोरड्या लाकडाच्या पाचरी भिजवून दगड फोडत, ते याच जोरावर.

दुसरा प्रश्न खिळ्यांचा. गुळगुळीत खिळा केवळ घर्षणाने टिकतो. लाकूड फुगते, आटते, आणि दर खेपेस पकड सैल होते. स्क्रूचे आटे तुळईच्या तंतूंत रुततात, म्हणून तो सहज निघत नाही. पण घट्ट लाकडात तो नुसता पिळला तर फळी चिरते किंवा स्क्रूची मान मोडते. त्यासाठी आधी भोके पाडावीत. 5 मिलिमीटरच्या स्क्रूसाठी फळीत साडेपाच ते सहा मिलिमीटरचे, तुळईत साडेतीनचे. फळीतील भोक मोठे का? तेथे आटे अडकले तर फळी तुळईला ओढून बसत नाही, मध्ये फट राहते. शिवाय त्या सैल भोकात फळीला थोडे हलायलाही वाव मिळतो.

तिसरी गोष्ट धातूची. अनेक लाकडांत टॅनिन असते. ओलाव्यात लोखंडाशी त्याचा संयोग होऊन काळे डाग पडतात. हिरडा आणि हिराकस यांपासून शाई करीत, तीच ही क्रिया. वर्गात चहाच्या कोऱ्या काढ्यात हिराकसाच्या द्रावणाचे दोन थेंब टाकून पाहा. अशा ठिकाणी स्टेनलेस स्टीलचे स्क्रू वापरावेत. समुद्राजवळ तर 316 प्रतीचे, कारण त्यातील मॉलिब्डेनम खाऱ्या हवेपुढे टिकाव धरते.

मग चूक कोणाची? मी त्या वृद्ध सुतारांना भेटलो. ते म्हणाले, ‘‘साहेब, मी फट ठेवणारच होतो. पण मुलांच्या पेन्सिली ओढ्यात पडतील म्हणून फळ्या चिकटवून मारायला सांगितलं.’’ लाकूड कच्चे असते तर ते नंतर वाळून आटले असते आणि फटी आपोआप पडल्या असत्या. फळ्या उसळल्या, याचाच अर्थ लाकूड चांगले वाळलेले होते! आरोपाचा पुरावाच सुतारांच्या निर्दोषत्वाचा पुरावा ठरला.

वरचे गणित मित्राने शाळेच्या सभेत फळ्यावर मांडले. सुतारांची मजुरी चुकती झाली. दिवाळीनंतर त्यांनीच फळ्या पुन्हा बसवल्या, दोन फळ्यांमध्ये एक जाड खिळा उभा धरून, म्हणजे फट सगळीकडे सारखी राहते. सातवीची मुले आता दर महिन्याच्या पहिल्या तारखेला त्या फटी मोजून वहीत नोंदवतात. आपल्या शाळेतही एखादे दार पावसाळ्यात अडकत असेलच. मोजायला तेथून सुरुवात करता येईल.