एका ठेक्याचा प्रवास : किंग्स्टनच्या ‘फिश मार्केट’पासून जगभरच्या रेगेटॉनपर्यंत

एखाद्या गीताच्या शब्दांवर किंवा चालीवर मालकी हक्क सांगता येतो, हे सर्वमान्य आहे. मात्र ज्या ठेक्यावर ते गीत उभे राहते, त्या ठेक्याचीही कोणाकडे मालकी असू शकते का? २०२१ मध्ये हा प्रश्न अमेरिकेतील कॅलिफोर्नियाच्या संघीय न्यायालयात पोहोचला. जमैकातील ‘स्टीली अँड क्लीव्ही’ या संगीतकार जोडीच्या वतीने तेथे दावा दाखल झाला. १९८९ मध्ये या जोडीने ध्वनिमुद्रित केलेल्या ‘फिश मार्केट’ या वाद्यरचनेतील ठेका रेगेटॉन संगीतात परवानगीविना सर्रास वापरला गेला, असे दाव्याचे म्हणणे आहे. लुईस फॉन्सी, डॅडी यांकी, बॅड बनी, कॅरोल जी अशा नामवंतांसह दीडशेहून अधिक कलाकार, निर्माते व कंपन्या प्रतिवादी आहेत. दाव्यात उल्लेखिलेल्या गीतांची संख्या हजाराहून अधिक आहे.

ही न्यायालयीन लढाई समजून घ्यायची, तर जमैका, पनामा, न्यूयॉर्क आणि प्वेर्तो रिको या चार ठिकाणांना जोडणारा सुमारे शंभर वर्षांचा इतिहास पाहावा लागतो. तो जितका संगीताचा आहे, तितकाच पोटासाठी समुद्र ओलांडणाऱ्या मजुरांचाही आहे.

ठेका नेमका कसा आहे?

रेगेटॉनच्या या ठेक्याला ‘डेम्बो’ असे म्हणतात. भारतीय श्रोत्याला तो समजावून घेणे अवघड नाही. आठ मात्रांच्या कहरव्याचे सर्वसाधारण विभाजन चार-चार असे होते. डेम्बोमध्ये त्याच आठ घटकांचे वजन तीन, तीन आणि दोन असे पडते. पहिल्या, चौथ्या आणि सातव्या घटकावर आघात येतो आणि लगेच नवे आवर्तन सुरू होते. मोठ्या ढोलाचा खर्जातील ठोका मात्र पहिल्या आणि पाचव्या घटकावर सरळ, समान अंतराने पडत राहतो. खाली सरळ चाल आणि वर तिरकी चाल, अशा या ओढाताणीतून शरीराला डोलायला लावणारी गती निर्माण होते.

तीन-तीन-दोन ही विभागणी कोणा एकाने शोधलेली नाही. एकोणिसाव्या शतकातील क्यूबाच्या ‘हाबानेरा’ संगीतात ती आढळते, त्रिनिदादच्या कॅलिप्सोतही आढळते. तिची मुळे पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतील तालवाद्यांच्या परंपरेत असून गुलामगिरीच्या काळात ती अटलांटिक ओलांडून कॅरिबियन बेटांवर आली, असे संगीत-अभ्यासक मानतात. म्हणूनच वाद या गणिताचा नाही. ते गणित विशिष्ट वाद्यांच्या साह्याने, विशिष्ट पोताने आणि विशिष्ट रचनेत कोणी बांधले, हा वादाचा मुद्दा आहे.

किंग्स्टनमधील दोन वादक

वायक्लिफ ‘स्टीली’ जॉन्सन कीबोर्ड वाजवत, तर क्लीव्हलँड ‘क्लीव्ही’ ब्राउन तालवादक. १९८० च्या दशकाच्या मध्यास जमैकाचे संगीत मोठ्या स्थित्यंतरातून जात होते. १९८५ मध्ये किंग जॅमी यांच्या स्टुडिओतून ‘स्लेंग टेंग’ हे कॅसिओ कीबोर्डमधील तयार तालावर आधारलेले गीत बाहेर पडले आणि पाहता पाहता संपूर्ण वाद्यवृंदाची जागा विद्युत यंत्रांनी घेतली. अनेक वादकांची कामे या बदलात गेली. स्टीली आणि क्लीव्ही यांनी मात्र यंत्रालाच आपले वाद्य केले. ड्रम मशिनवर मानवी हाताची लवचिकता उतरविण्याचे क्लीव्ही यांचे कौशल्य त्या काळातील डान्सहॉल संगीताची ओळख ठरले.

‘फिश मार्केट’मधील ठेका १९९० मध्ये ग्रेगरी पेक या गायकाच्या ‘पोको मॅन जॅम’ या गीतातही ऐकू आला. या नावातील ‘पोको’ हा शब्द जमैकातील पोकोमेनिया या आफ्रिकी-ख्रिस्ती पंथाकडे निर्देश करतो. ढोल, टाळ्या आणि पदन्यास यांना त्या पंथाच्या उपासनेत मोठे स्थान आहे. यंत्रावर घडविलेल्या ठेक्यातही बेटाची जुनी स्मृती होती, ती अशी.

त्याच सुमारास निर्माते बॉबी ‘डिजिटल’ डिक्सन यांच्यासाठी शब्बा रँक्स या गायकाने याच ठेक्याच्या आधारे ‘डेम बो’ हे गीत गायिले. जमैकाच्या बोलीत त्याचा अर्थ ‘ते झुकतात’ असा होतो. गीतात वसाहतवादी दडपणापुढे मान तुकविण्यास नकार होता आणि त्याच जोडीला समलैंगिकांविषयी उघड तिरस्कारही होता. पुढे गीताचा आशय मागे पडला, नाव मात्र ठेक्याला कायमचे चिकटले.

‘रिडिम’ची प्रथा

गायक वेगळा, निर्माता वेगळा आणि ठेका तिसऱ्याचाच, ही बाब जमैकात कोणालाही खटकत नव्हती. तेथे वाद्यसाथीच्या तयार रचनेला ‘रिडिम’ म्हणतात. एकाच रिडिमवर अनेक गायक आपापली गीते गातात आणि श्रोते त्यांची तुलना करीत आनंद घेतात. भारतीय वाचकांना जवळचे वाटेल असे एक उदाहरण ‘दिवाली’ या नावाच्या रिडिमचे आहे. स्टीव्हन ‘लेंकी’ मार्सडेन यांनी घडविलेल्या, टाळ्यांच्या गजरावर आधारलेल्या या रिडिमवर शॉन पॉल यांचे ‘गेट बिझी’ आणि वेन वंडर यांचे ‘नो लेटिंग गो’ ही दोन्ही गीते २००३ च्या सुमारास जगभर गाजली.

या मोकळेपणाला कायद्याचीही एक बाजू होती. १९९३ मध्ये स्वतःचा स्वामित्व हक्क कायदा अमलात येईपर्यंत जमैकात १९११ चा ब्रिटिशकालीन कायदाच लागू होता. ध्वनिमुद्रिकांच्या बाजारात त्याची अंमलबजावणी अत्यंत सैल होती. वादकांना बहुधा कामाचे ठरावीक पैसे मिळत आणि विषय तेथेच संपे. देवघेव सर्वांमध्ये होत असल्याने आणि उत्पन्न मर्यादित असल्याने तक्रारीची वेळ क्वचितच येई. परिस्थिती पालटली ती ठेका बेटाबाहेर पडून अब्जावधींच्या उद्योगाचा पाया बनल्यानंतर.

कालव्याच्या मजुरांची नातवंडे

ठेका स्पॅनिश भाषेत शिरला तो पनामाच्या वाटेने. १९०४ ते १९१४ या काळात अमेरिकेने पनामा कालवा खोदला. त्यासाठी जमैका, बार्बाडोस आणि इतर बेटांवरून कृष्णवर्णीय मजूर मोठ्या संख्येने आणले गेले. एकट्या बार्बाडोसमधूनच सुमारे वीस हजार मजुरांची भरती झाली. अमेरिकी कर्मचाऱ्यांचे वेतन सोन्याच्या हिशेबात, तर या मजुरांचे चांदीच्या हिशेबात दिले जाई. निवासस्थाने, भोजनगृहे आणि शाळाही त्याच विभागणीनुसार वेगळ्या होत्या.

कालवा पूर्ण झाल्यावर अनेक कुटुंबे तेथेच राहिली. १९४१ च्या पनामाच्या राज्यघटनेने स्पॅनिश न बोलणाऱ्या कृष्णवर्णीय स्थलांतरितांच्या मुलांचे नागरिकत्वच नाकारले. ती तरतूद काही वर्षांत रद्द झाली. तरी घरात इंग्रजी बोली आणि रस्त्यावर स्पॅनिश असे दुहेरी जगणे या समाजाच्या वाट्याला आले. जमैकाशी असलेला धागा मात्र त्याने तोडला नाही. १९८० च्या दशकात या मजुरांच्या पुढच्या पिढ्यांतील तरुण जमैकाच्या नव्या ध्वनिमुद्रिका मिळवून त्यांवर स्पॅनिश शब्द बांधू लागले. रेनातो, नँदो बूम आणि ‘एल जनरल’ या नावाने प्रसिद्ध झालेले एदगार्दो फ्रँको हे या प्रवाहातील प्रमुख गायक. ज्या भाषेच्या नावाखाली पूर्वजांना परके ठरविले गेले, त्याच भाषेत त्यांनी पूर्वजांच्या बेटाचे संगीत गायिले.

न्यूयॉर्कमार्गे सान हुआन

१९९१ मध्ये ‘डेम बो’ची दोन स्पॅनिश रूपे आली. नँदो बूम यांचे ‘एयोस बेनिया’ आणि एल जनरल यांचे ‘सोन बो’. या टप्प्यावर न्यूयॉर्क महत्त्वाचे ठरले. जमैकन, पनामी आणि प्वेर्तो रिकन अशा तिन्ही वस्त्या तेथे शेजारीशेजारी होत्या. शहरालगतच्या लाँग आयलंडवर फिलिप स्मार्ट या जमैकन ध्वनिमुद्रकाचा स्टुडिओ डान्सहॉलचे मोठे केंद्र बनला होता. न्यूयॉर्क परिसरात काम करणारे ‘डेनिस द मेनस’ या टोपणनावाचे निर्माते आणि पनामी गायक यांच्या सहकार्यातून ठेक्याची नवी आवृत्ती तयार झाली. प्वेर्तो रिकोतील निर्मात्यांच्या हाती पुढे पडली ती मुख्यतः हीच आवृत्ती. अमेरिकी संशोधक वेन मार्शल यांनी हा दुवा तपशीलवार दाखवून दिला आहे.

प्वेर्तो रिको हा अमेरिकेच्या अखत्यारीतील स्पॅनिशभाषक प्रदेश. राजधानी सान हुआन येथे डीजे प्लेयेरो यांच्या कॅसेट आणि डीजे नेग्रो यांचा ‘द नॉइज’ हा क्लब यांभोवती १९९० च्या दशकाच्या आरंभी नवे संगीत आकार घेऊ लागले. न्यूयॉर्कहून आलेली रॅपची शैली आणि डान्सहॉलचा ठेका यांचा तेथे संयोग झाला. निर्माते डेम्बोचे तुकडे कापून, जोडून, पुन्हा पुन्हा वाजवत आणि गायक त्यावर गरीब वस्त्यांतील रोजचे जगणे मांडत. त्या वेळी या संगीताला ‘अंडरग्राउंड’ असेच म्हटले जाई.

सरकारी यंत्रणेला ते मानवले नाही. गुन्हेगारीविरोधी कठोर मोहिमेच्या त्या काळात, १९९५ मध्ये, पोलिसांनी सान हुआनमधील ध्वनिमुद्रिकांच्या दुकानांवर छापे घालून अश्लीलतेच्या आरोपाखाली कॅसेट जप्त केल्या. २००२ मध्ये या संगीतावरील नृत्य आणि त्याच्या चित्रफिती हा प्वेर्तो रिकोच्या सिनेटमधील सुनावणीचा विषय झाला. बंदीच्या प्रयत्नांनी प्रसिद्धीच वाढली.

२००४ मध्ये डॅडी यांकी यांचे ‘गॅसोलिना’ आले. त्याचे निर्माते ‘लुनी ट्यून्स’ ही डोमिनिकन जोडी काही वर्षांपूर्वीपर्यंत हार्वर्ड विद्यापीठाच्या भोजनगृहात काम करीत होती. २०१७ मधील ‘देस्पासितो’ सलग सोळा आठवडे अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत प्रथम क्रमांकावर राहिले. २०२३ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने ‘गॅसोलिना’ला राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत स्थान दिले. हा मान मिळविणारे ते पहिले रेगेटॉन गीत होय. एकेकाळी जप्त होणारे संगीत राष्ट्रीय वारशात जमा झाले.

न्यायालयापुढील पेच

या यशाच्या वाटेवर किंग्स्टनमधील मूळ वादकांची नावे मात्र फारशी कोणाच्या कानी पडली नाहीत. स्टीली यांचे २००९ मध्ये निधन झाले. दाव्यात क्लीव्ही यांच्यासह स्टीली यांचे वारसही सहभागी आहेत. केवळ तीन-तीन-दोन हे गणित नव्हे, तर ढोल, स्नेअर व हाय-हॅट यांची विशिष्ट बांधणी, खंजिरी, टिंबाले हे तालवाद्य आणि त्यांना साथ देणारा खर्जातील स्वर यांची एकत्रित रचना हे आपले मौलिक काम आहे, अशी वादींची भूमिका आहे.

प्रतिवादींचा युक्तिवाद असा की, हे घटक सार्वजनिक वापरातील आहेत आणि त्यांवर हक्क मान्य केल्यास एका संपूर्ण संगीतप्रकारावर मक्तेदारी निर्माण होईल. अमेरिकी कायदा चाल आणि शब्द यांना सहज संरक्षण देतो. नुसत्या तालाच्या बाबतीत न्यायालये परंपरेने सावध राहिली आहेत. मे २०२४ मध्ये न्यायाधीश आंद्रे बिरॉट यांनी दावा प्राथमिक टप्प्यावरच निकालात काढण्याची मागणी मुख्यत्वे फेटाळली. संबंधित घटक सर्रास वापरातील आहेत की नाहीत, हे ठरविण्यासाठी संगीतप्रकाराचा इतिहास आणि तज्ज्ञांचे पुरावे तपासावे लागतील, असा या आदेशाचा मथितार्थ होता. मौलिकतेचा निर्णय त्यात नव्हता.

पेच खरोखरच दुहेरी आहे. ठेक्यावर मालकी मान्य झाली, तर ज्या देवाणघेवाणीतून डान्सहॉल आणि रेगेटॉन हे दोन्ही प्रकार जन्मले, तिलाच खीळ बसू शकते. पोकोमेनियाच्या ढोलवादकांकडून काही घेतल्याबद्दल स्टीली आणि क्लीव्ही यांनाही कोणी हिशेब मागितला नव्हता. उलट मालकी पूर्णतः नाकारली, तर लहान देशातील कलावंतांनी घडवावे आणि मोठ्या बाजारपेठांतील कंपन्यांनी त्यावर कमवावे, या जुन्या व्यवहारावर कायद्याचे शिक्कामोर्तब होईल.

श्रेय आणि मोबदला या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, ही बाबही या प्रकरणाने पुढे आणली आहे. मोबदल्याचा प्रश्न कायद्याच्या अखत्यारीतला आहे. श्रेय देण्यासाठी न्यायालयाच्या आदेशाची गरज नाही. ‘देस्पासितो’च्या तालावर जगाच्या कोणत्याही कोपऱ्यात पावले थिरकतात, तेव्हा कालव्यावर चांदीच्या वेतनावर राबलेल्या मजुरांची नातवंडे आणि किंग्स्टनमध्ये ड्रम मशिनसमोर बसलेले दोन वादक यांचा वाटा त्या तालात असतोच.