बारा व्होल्ट घ्यायचे, पण कुठून?

सोनालिकाचा टायगर इलेक्ट्रिक डिसेंबर 2020 मध्ये बाजारात आला, तरी रत्नागिरीच्या खाचरांत विजेवरचा ट्रॅक्टर अजून नवलाईचाच आहे. ई-रिक्षा मात्र गॅरेजवाल्यांच्या ओळखीची, आणि तिच्यावर शिकलेला एक जुगाड ट्रॅक्टरवरही होण्याची मला भीती वाटते. मोटर 48, 72 किंवा त्याहून जास्त व्होल्टवर चालते. दिवे, हॉर्न, मोबाइल चार्जर, फवारणीचा छोटा पंप हे सगळं 12 व्होल्टचं. मग हे 12 व्होल्ट आणायचे कुठून?

गैरसमज: बाराच्या चार बॅटऱ्या जोडूनच अठ्ठेचाळीस होतात, मग एकीवरून दिवे घेतले तर काय बिघडलं?

बिघडतं ते लगेच दिसत नाही, म्हणून हा गैरसमज सर्वांत महाग पडतो. 60 वॅटचे दिवे तीन तास लावले की त्या एकाच बॅटरीतून 15 अँपिअर-तास जादा जातात. चार्जिंगला लावल्यावर मात्र चौघींतून सारखाच करंट वाहतो, कारण त्या एका ओळीत जोडलेल्या असतात. चार्जर चौघींचं मिळून व्होल्टेज बघतो. तिघी भरून उकळू लागतात, त्यांचं पाणी आटतं. चौथी अर्धवटच राहते आणि तिच्या प्लेटींवर सल्फेट धरतं. काही महिन्यांनी, गाडी उभी असताना मल्टिमीटर लावून बघा: तीन बॅटऱ्या 12.7 दाखवतील, दिवे जोडलेली 12.2, म्हणजे जेमतेम निम्मी. मग "बॅटरीच डिफेक्टिव्ह होती" म्हणून नवी आणतात आणि तिच्यावरही तेच दिवे जोडतात.

लिथियममध्ये प्रकरण आणखी वाईट. 48 व्होल्टच्या पॅकमध्ये बहुधा 3.2 व्होल्टचे 16 सेल असतात. त्यांतल्या चारांवरून वीज घेतली की तेवढेच चार लवकर रिकामे होतात. पॅकवर लक्ष ठेवणाऱ्या सर्किटची, म्हणजे बीएमएसची, सेल समतोल करण्याची ताकद फार थोडी, ही तूट तिला भरून काढता येत नाही. सर्वांत खालचा सेल तळाला गेला की ती अख्खा पॅक बंद करते. बारा सेलांत चार्ज शिल्लक आणि ट्रॅक्टर चिखलणीत उभा!

गैरसमज: मध्ये रेझिस्टन्स टाकला की झालं.

5 अँपिअरच्या दिव्यासाठी 36 व्होल्ट रेझिस्टन्सवर पाडायचे म्हणजे 60 वॅटच्या उजेडासाठी 180 वॅट उष्णता जाळायची. शिवाय दिवा काढून मोबाइल चार्जर जोडला, तर करंट कमी होताच व्होल्टेज जवळजवळ 48 पर्यंत चढतं आणि चार्जर जळतो.

खरा मार्ग एकच: पूर्ण पॅकच्या दोन टोकांवरून चालणारा, व्होल्टेज 12 वर आणणारा डीसी-डीसी कन्व्हर्टर. तो सगळ्या सेलांवर सारखा भार टाकतो. घेताना त्यावरची इनपुटची कमाल मर्यादा वाचा, कारण 16 सेलांचा पॅक पूर्ण भरला की 58.4 व्होल्ट देतो.

गैरसमज: दिवे लावले तर कामाला चार्ज उरणार नाही.

टायगरचा पॅक 25.5 किलोवॅट-तासांचा आहे. 60 वॅटचे दिवे आठ तास जळले, तर कन्व्हर्टरची गळती धरूनही सुमारे 2 टक्के खर्च. काळजी करण्याजोगं त्यात काही नाही.

गैरसमज: झटका बसत नाही, म्हणजे धोका नाही.

48 व्होल्टला झटका सहसा बसत नाही, पण शॉर्ट झाल्यास हाच पॅक शेकडो अँपिअर ओततो आणि वायर पेटते. म्हणून फ्यूज पॅकच्या अगदी जवळ हवा, आणि तोही त्या व्होल्टेजच्या डीसीसाठी बनवलेला. घरातली एसी एमसीबी इथे भरवशाची नाही: एसी सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो म्हणून तिथली ठिणगी विझते, डीसी तसा शून्यावर येत नाही. 60 व्होल्टच्या पुढे तर झटकाही जिवावर बेतू शकतो. अशा पॅकची ऋण बाजू बॉडीपासून मुद्दाम वेगळी ठेवलेली असते, आणि 12 व्होल्टची ऋण बाजू सहसा बॉडीलाच जोडलेली. म्हणून तिथे आयसोलेटेड, म्हणजे दोन्ही बाजू विजेने वेगळ्या ठेवणारा कन्व्हर्टरच लागतो.

आपल्याकडची खारी हवा आणि वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वरचा पाऊस उघड्या तांब्याला टिकू देत नाही. कथिलाचा मुलामा दिलेली वायर आणि पाणीबंद कनेक्टर यांवरचा खर्च वाचवू नका.

ट्रॅक्टर नवा असेल तर कंपनीने दिलेलं 12 व्होल्टचं सॉकेट आधी वापरा. ते अपुरं पडलं, तर जादा भार चालेल का हे डीलरकडून लेखी घ्या. दापोलीच्या कृषी अभियांत्रिकी महाविद्यालयातही विचारता येईल. जास्त व्होल्टेजच्या नारिंगी वायरींना मात्र गावातल्या वायरमनला हात लावू देऊ नका.