दुधाचे दात पडणारच, मग काळजी कशाला?

"दुधाचे दात काय, आज ना उद्या पडणारच!" हे वाक्य आपल्या घराघरांतून ऐकू येते. कोकणातून आखातात, इंग्लंडात, दक्षिण आफ्रिकेत गेलेल्या कुटुंबांबरोबर हा समजही तिकडे गेला. लेकीच्या बाळंतपणाला नानी परदेशी जाते आणि रात्री रडणाऱ्या नातवाला गोड दुधाची बाटली देऊन झोपवते. त्यात माया असते. पण झोपेत लाळ कमी सुटते, साखर दातांवर तशीच राहते, तोंडातले जंतू तिचे आम्ल करतात आणि वरचे पुढचे दात आधी किडतात.

इंग्लंडात 18 वर्षांखालील मुलांवर सरकारी योजनेत दातांचे उपचार मोफत होतात. तरीही तिथे 5 ते 9 वर्षांच्या मुलांना रुग्णालयात दाखल करण्याचे सर्वांत मोठे कारण किडलेले दात हेच आहे. म्हणजे नुसता मोफत दवाखाना पुरत नाही. मूल ज्याच्या हाती वाढते, त्या माणसापर्यंत माहिती पोचावी लागते. माहितीपत्रक मिळते इंग्रजीत आणि बाळाला सांभाळते ती नानी किंवा दादी. तिला ते वाचता येत नाही.

अमेरिकेत कॅलिफोर्नियात स्पॅनिश बोलणाऱ्या स्थलांतरित पालकांसाठी यावर एक साधा उपाय केला गेला. त्यांच्याच समाजातल्या, त्यांचीच भाषा बोलणाऱ्या बायकांना शिकवून तयार केले. आपल्याकडच्या आशाताईंसारखेच म्हणा ना. त्यांनी पालकांचे दोन-दोन तासांचे चार वर्ग घेतले. नुसते भाषण न देता हातात ब्रश देऊन सराव करून घेतला. मुलाचे दात दिवसातून दोनदा पेस्टने घासणाऱ्या पालकांचे प्रमाण वाढले आणि तीन महिन्यांनंतर पाहिले तेव्हा ते आणखी वाढलेले होते.

आमच्या मते यातली शिकवण सरळ आहे: आपल्या माणसाने, आपल्या भाषेत, हात धरून शिकवावे. काय शिकवावे, तेही फार नाही.

पहिला दात दिसला की घासणे सुरू करावे. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी आणि पुढे वाटाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट पुरे. मूल सात-आठ वर्षांचे होईपर्यंत दात मोठ्यांनीच घासून द्यावेत. झोपण्यापूर्वी घासणे चुकवू नये आणि त्यानंतर पाण्याशिवाय काही देऊ नये. पेस्ट थुंकावी, लगेच खळखळून चूळ भरू नये. आठवड्यातून एकदा बाळाचा वरचा ओठ उचलून पाहावे. हिरडीजवळ खडूसारखा पांढरा पट्टा दिसला तर ती किडीची सुरुवात असते. तेव्हाच दंतवैद्याकडे गेल्यास ती थांबवता येते. पहिला वाढदिवस होईपर्यंत एकदा तरी दात दाखवून घ्यावेत.

मिस्वाकची सुन्नत मोठ्यांना पाहून मुले शिकतात, ही चांगलीच गोष्ट. पण लहानग्याच्या दाढांसाठी जोडीला ब्रश आणि पेस्ट हवीच. मशेरी मात्र भाजलेली तंबाखू आहे. ती बाळाच्या हिरड्यांना कधीही लावू नये.

आणि "पडणारच" म्हणाल, तर दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात. सहाव्या वर्षी त्यांच्या मागे येणारी दाढ तर दुधाची नसतेच, ती कायमची असते. तिच्यासाठी कुठलाही दात पडत नाही, म्हणून ती आलेली कळतही नाही आणि कित्येकदा दुधाची समजून किडू दिली जाते.

परदेशी निघालेल्या नानीच्या सामानात आपण लोणची, पापड, कपडे भरतो. त्याआधी एका संध्याकाळी नातवंडाला समोर बसवून तिच्या हातात छोटा ब्रश द्यावा आणि कसे घासायचे ते दाखवावे. मोहल्ल्यातल्या बायकांच्या बैठकीतही यासाठी अर्धा तास काढता येईल. मुले ही आपल्याकडे सोपवलेली अमानत आहेत. रात्री दातदुखीने रडणाऱ्या लेकराला पाहिलेल्या कोणत्याही आईला हे वेगळे सांगायला नको.