वाळू, सोडा आणि दोन बंध

चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूरला सेंट-गोबेनचा काचेचा कारखाना २००० सालापासून आहे. काचेच्या भट्टीत मुख्यतः वाळू, सोडा, चुनखडी जाते. वाळूतले सिलिकॉन-ऑक्सिजन इलेक्ट्रॉन वाटून घेतात. हा सहसंयुज बंध. त्याची सलग जाळी इतकी चिवट, की वितळायला सुमारे १७०० अंश सेल्सिअस लागतात. (सहसंयुज पदार्थ लवकर वितळतात, हे शाळेतलं घोकलेलं वाक्य सुट्या रेणूंच्या मेणाला लागू, वाळूला नाही.) सोड्यातल्या सोडियमने मात्र इलेक्ट्रॉन देऊनच टाकलेला असतो. तो धनभारित आयन ऋणभारित ऑक्सिजनकडे निव्वळ विद्युत आकर्षणाने खेचला जातो. हा आयनिक बंध. सोडियम शिरला, की जाळी जागोजागी तुटते आणि मिश्रण पुष्कळ कमी तापमानाला वितळतं. दमट गोदामात रचून ठेवलेल्या काचांवर पांढुरकी झाक येते, तिची सुरुवातही सोडियमचे आयन ओलाव्यात निसटण्यापासूनच होते.