वाटाण्याचे पीक आणि जस्त

पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्याचा वाटाणा मुंबई-पुण्याच्या बाजारपेठांत सुपरिचित आहे. या द्विदल पिकाच्या मुळांवरील गाठींतील जिवाणू हवेतील नत्र स्थिर करतात; म्हणून खत देताना स्फुरदावर भर असतो. तथापि स्फुरद गरजेहून अधिक झाल्यास पिकास जस्त कमी मिळते. चुनखडीयुक्त जमिनीतही हीच अडचण येते.

जस्ताची गरज अत्यल्प असली, तरी त्यावाचून वाढीची संप्रेरके व प्रथिने पुरेशी तयार होत नाहीत. पेरे आखूड राहतात, पाने लहान व फिकट होतात, शेंगा कमी धरतात. दोष बियाण्यास दिला जातो आणि खर्च मात्र आणखी स्फुरदावर होतो.

माती परीक्षणात उपलब्ध जस्त दर किलोग्रॅम मातीत ०.६ मिलिग्रॅमहून कमी आढळल्यास, २१ टक्के जस्त असलेले झिंक सल्फेट हेक्टरी साधारण २५ किलोग्रॅम पेरणीपूर्वी जमिनीत द्यावे. ते स्फुरदयुक्त खतात मिसळू नये. त्याचा लाभ पुढील पिकासही होतो, म्हणून दरवर्षी ते देण्याचे कारण नाही. पेरणीपूर्वी मातीचे नमुने तपासून घेण्याचा आग्रह ग्रामपंचायतींनी व शिक्षकांनी धरल्यास शेतकऱ्याचा वायफळ खर्च निश्चित वाचेल.